बेटावरच्या कासवाची टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. चौक नावाच्या कोळीवाड्याच्या धक्क्यावरून होडीने वीस मिनिटांवर एक बेट आहे, बेटावर रिसॉर्ट, आणि रिसॉर्टच्या मागच्या खोलीत समुद्री जीवांची प्रयोगशाळा. तिथे माझं बिऱ्हाड. आज माझ्यात पाणी नाही, मासा नाही, काहीच नाही. तरी आतून काचेवर ठोकल्याचा आवाज येतो. उगाच भिववायची हौस मला नाही, येतो म्हणजे येतो.

भाईंदरच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि टेम्पोतून, मग होडीतून, धक्के खात इथे आले. हेमाली नावाची संशोधक जाळ्यात जखमी झालेली कासवं माझ्यात ठेवायची आणि बरी करून सोडायची. चौकची वासंती पाणी बदलायची. तिचा एकच नियम होता, पाणी भरतीचंच घ्यायचं. ओहोटीला धक्क्याजवळ खाडीचा गाळ आणि होड्यांचं डिझेल उरतं, तेव्हा पंपाला हात लावायचा नाही. अकरा कासवं माझ्यातून धडधाकट होऊन गेली. पाहुणे काचेला नाक लावून कौतुक करायचे. मला तर शिंगंच फुटली होती.

मग बारावं कासव आलं. त्याचा पुढचा पाय जाळ्याने कापला होता. महिनाभरात जखम भरली, गुरुवारी सोडायचं ठरलं, आणि मॅनेजर गुणवंत खोलीत आले.

"रविवारी मोठी पार्टी येतेय. त्यांच्या हातून सोडू, फोटो मस्त येतील."

हेमालीने नको म्हणायला तोंड उघडलं. पण खोली रिसॉर्टची, वीज रिसॉर्टची. "तीनच दिवस ना," ती पुटपुटली.

पाहुण्यांसाठी पाणी ताजं हवं, म्हणून गुणवंतांनी तेव्हाच पंप लावायला सांगितला.

"आता ओहोटी हाय, साहेब. हा पानी चांगला न्हाय," वासंती म्हणाली.

"गाळून येतंय, दिसायला स्वच्छ आहे. बस झालं."

हेमाली गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा राग मला अजून आहे.

शुक्रवारी कासवाने खाणं सोडलं. समुद्राच्या बाजूच्या काचेवर ते पाय आपटत राहिलं.

"मॅडम, आज सोडा त्याला," वासंती म्हणाली. "आमच्या जाल्यात आला तर कुंकू लावून तवाच सोडतात. ठेवत न्हाय कोनी."

"रविवारी सोडूच गं."

रविवारी पाहुणे आले तेव्हा कासव तळाशी पडलं होतं. "झोपलंय," गुणवंत म्हणाले. सगळ्यांनी फोटो काढले. एका लहान मुलीने विचारलं, "मग डोळे उघडे का?" तिला कुणीतरी हात धरून पुढे नेलं. तासभर ते मेलेलं कासव माझ्यात झोपलेलं होतं.

हेमाली त्याच आठवड्यात बेट सोडून गेली, खोलीला कुलूप लागलं. पाटी मात्र अजून 'संशोधन केंद्र' म्हणते. आणि आत दिवसभर ठक, ठक. मी काच, कान तरी कसे झाकू?

परवा कुलूप निघालं. वासंतीचा नवरा उत्तम, त्याच्या जाळ्यात कासव आल्याची बातमी गुणवंतांना लागली होती. त्यांनी ते टाकीसाठी मागवलं आणि वासंतीला मला धुवायला पाठवलं.

ती पुसता पुसता समुद्राकडच्या काचेशी थांबली. तिने तळवा टेकवला.

"तुला पन ऐकू येते?" तिने मला विचारलं.

मग कमरेची सुरी काढून तिने दोन काचा जोडणारं रबर वरपासून खालपर्यंत चिरलं. दुखलं मला. पण मी 'हं' केलं असतं, बोलता आलं असतं तर.

गुणवंतांनी पाणी सोडलं, ते सगळं फरशीवर. दुसरी टाकी बेटावर नाही. उत्तमने कासव होडीतूनच समुद्रात सोडलं.

आवाज थांबलेला नाही, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या सगळ्या सांगतात. मी एवढंच मागते, मला कुणी दुरुस्त करायला आलं, तर त्याला आधी विचारा, कासव कोणत्या दिवशी सोडणार? तो जरा जरी अडखळला, तरी मला फुटकीच राहू द्या.