अंबाबाईचं बोट

अंबाबाई वाळलेला दुधीचा वेल मांडवावरून ओढून काढत होती आणि कुंपणाच्या अलीकडे नम्रता पिळलेलाच टॉवेल पुन्हा पिळत होती.

"माज्याच हातानं झालं गं," अंबाबाई म्हणाली. "आमच्या सोनालीला बोट करून दाखवलं, तो बघ तुज्या डोहाळजेवणाचा दुधी. चार दिसांत सगळा येल वाळला. एवढं वय झालं नि अक्कल नाय."

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. हा वेल मात्र नम्रतानं कापला होता. भरदुपारी, लाकडांच्या ढिगामागे हात घालून, कोयतीनं. तीनदा सांगून झालं होतं, काकी, येल आमच्या टीव्हीच्या डिशवर चढतोय. दर वेळी अंबाबाईचं तेच हसणं, "येलाला काय कळतंय गं तुजं-माजं?" ऐन मालिकेत टीव्ही गेला आणि नम्रताचं डोकं फिरलं. एका वेलाची मिजास ती किती सोसायची! आता मात्र सांगून टाकावं असं रोज वाटे, पण जीभ रेटत नव्हती. दुधीच तर होता, बाजारात ढिगानं मिळतो, अशी ती मनाची समजूत घाली.

रविवारी डोहाळजेवण झालं. हिरव्या साडीत अंबाबाईची सून सोनाली पाटावर बसली. ओटीचं ताट तयार होतं, पण अंबाबाई उंबऱ्याबाहेरच, हात पदराखाली घेऊन उभी.

"सासूचा मान पहिला," शेजारची विमलबाई म्हणाली. "या की आत."

"नको गं. ज्या बोटानं येल मेला, ते तिच्या पोटातल्या लेकराला कशाला लावू?" अंबाबाईनं पदरात धरलेला नारळ नम्रताच्या हातात दिला. "तू भर. तुजा हात गुणाचा हाय. तू लावलेलं सगळं जगतं."

नम्रतानं सोनालीकडं पाहिलं. सोनालीनं पदर पसरला होता, पण सासूकडं ती बघतच नव्हती. तिलाही तो हात नको होता.

नम्रतानं नारळ परत अंबाबाईच्या हातात ठेवला.

"तुमच्या बोटानं काय नाय झालं, काकी. येल मी कापला."

अंबाबाई स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. मग आत आली, सोनालीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळ भरभरून ओटी भरली. सोनाली वाकून तिच्या पाया पडली.

मग अंबाबाईनं ताट उचललं आणि नम्रताच्या समोरून पुढं नेऊन विमलबाईच्या हातात दिलं.

नम्रता मागं सरली आणि उंबऱ्याबाहेर, मघाशी अंबाबाई उभी होती तिथं जाऊन उभी राहिली.