जुम्म्याचे दोन फेरे

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो, पण जुनं म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. धूर ओकत जाणाऱ्या टेम्पोचं इंजिन मी नव्हे! माझी मोटार दोनच माणसांची, बिनछपराची, बुटकी आणि लालभडक. १९५८ साली विलायतेत माझा जन्म झाला. चार सिलिंडर, चार पिस्टन, आणि आवाज असा की मी वळणावर असतानाच पनवेलच्या मोहल्ल्यातली पोरं ओट्यावरून उड्या टाकून धावत यायची. बढाई मारतोय असं वाटेल, पण खोटं नाही.

पहिली वीस वर्षं मुंबईच्या एका पारशी दंतवैद्यांनी मला पळवलं. त्यांनी मला एकदा आतून कोरून घेतलं होतं. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते झिजलं, की आतून कापून जरा मोठं करतात आणि त्यात मोठा पिस्टन बसवतात. मात्र कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. माझ्या भिंती आता आणखी एकदाच कापता येतील एवढ्या उरल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा जीव टांगणीला लागला तो यावरूनच.

मग मी मुश्ताककडे आलो. तो पंचविशीतला, लग्न नुकतंच झालेलं. त्याची बायको ताहिरा पहिल्यांदा मोटारीत बसली तेव्हा दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून होती. दोघं उरणच्या मोरा बंदरापर्यंत गेली, धक्क्यावर बसून लाँच बघितल्या, भजी खाल्ली. "पुन्हा येऊ हं," मुश्ताक म्हणाला. ताहिराने मान डोलावली. पण संसाराच्या रगाड्यात ते राहून गेलं, आणि १९८२ साली मुश्ताकला कुवेतची नोकरी लागली.

जाण्याआधी त्याने मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि ताहिराला शिकवलं. पुढून लोखंडी हँडल घालायचं आणि दर जुम्म्याला दोन फेरे द्यायचे. महिन्यातून एकदा पान्याने चारही प्लग काढून आत चमचाभर तेल सोडायचं. तेलाचा डबा त्याने कोपऱ्यात ठेवला. "एवढं करशील ना? नाहीतर आतून गंजून पिस्टन चिकटून बसतील."

तिने केलं, मित्रांनो! शुक्रवार आला की दुपारी शेडचं दार करकरायचं. ओढणी कमरेला खोचून ती हँडल घालायची, दात-ओठ खाऊन दोन फेरे मारायची आणि निघून जायची. कुवेतवर लढाई आली तेव्हा सव्वा महिना मुश्ताकची काही खबर नव्हती. त्या दिवसांत ती फेरे मारून झाल्यावर बॉनेटवर डोकं टेकून उभी राहायची. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. मी बंद पडलेलं इंजिन, तिला काय धीर देणार?

मुश्ताक दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा. तो महिना लग्नं, दवाखाने आणि नातेवाईक यांतच संपायचा. माझ्या ताडपत्रीवर थाप मारून "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणायचा आणि जायचा. रागच यायचा मला.

शेवटी २००८ साली तो कायमचा परत आला. डोक्याला टक्कल, आणि हातात एक जड खोकं. खोक्यात माझ्यासाठी चार नवेकोरे मोठे पिस्टन होते. कुवेतच्या खोलीत पलंगाखाली ते त्याने सहा वर्षं जपले होते म्हणे.

मला उघडायला मोऱ्याहून धर्मराज आला. हा कोळी समाजातला वयस्क मेकॅनिक. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तिथली निम्मी इंजिनं याच्याच हाताखालून जायची.

"धर्मराज, सगळं झिरो, अगदी नव्यासारखं करायचं," मुश्ताक म्हणाला. "आतून कापून हे पिस्टन बसव. वरून असं पॉलिश कर की तोंड दिसलं पाहिजे. खालची बेअरिंगं राहू देत, ती कुणाला दिसतायत?"

"आदी उगडून तर बगू, मुश्ताकभाय," धर्मराज म्हणाला.

माझं वरचं झाकण निघालं आणि दोघं बघतच राहिले. चारही नळकांड्यांच्या भिंतींवर तपकिरी, चिकट थर बसला होता.

"या अल्ला! कोणी काय ओतलंय यात?"

धर्मराजने बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. "ह्ये तर खोबरेल हाय!"

चहा घेऊन आलेली ताहिरा दारातच थबकली. तिचा चेहरा पार उतरला. "मी घातलं," ती म्हणाली. "तुमचा डबा तिसऱ्या वर्षी संपला. पत्रात काय काय लिहायचं? आपल्या नशराला आलेले दात, अब्बांचा खोकला... दाराच्या बिजागरीला खोबरेल चालतं, म्हटलं यालाही चालेल."

"तेवीस वर्षं खोबरेल?"

"जुम्मा एकही चुकवला नाही पण. नशराच्या निकाहला पाहुणे जेवायला बसले, तेव्हा मी येऊन फेरे मारून गेले."

"वाट लावलीस इंजिनाची!" मुश्ताक ओरडला. "आता तर कापायलाच हवं सगळं."

ताहिराने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. त्या क्षणी मला तोंड असतं ना, मित्रांनो, तर मुश्ताकला चांगलं खडसावलं असतं.

धर्मराजने रॉकेलचा बोळा घेतला आणि माझ्या भिंती पुसल्या. थर निघाला. मग नळकांड्याच्या वरच्या कडेवरून त्याने अंगठ्याचं नख हळूच खाली ओढलं. झीज झालेली असली की तिथे खाच पडते आणि नख अडकतं. चारही ठिकाणी नख सरळ गेलं. मापही त्याने तीनतीनदा घेतलं.

"मोऱ्याला धा वर्सं पडलेली मशिन उगडली, का पिस्टन घनानं ठोकून काडावं लागतात," तो म्हणाला. "हितं सव्वीस वर्सं झाली, आनि गंजाचा टिपूस नाय. खोबरेल चुकीचं, ह्ये खरं. पन फेरं चुकलं नाय. भाबींनी राखलंय ह्ये."

"मग माझे पिस्टन?"

"ठेवा माळ्यावर. ह्या भिंती आता कापल्या त पुन्ना कापायला काय रायनार नाय. जुन्याच पिस्टनला नव्या रिंगा घालतो, आतून हलका हात मारतो, बास. पन खालची बेरिंगं मी बदलनार म्हंजे बदलनार. भर दर्यात मशिन बंद पडली त ढकलायला कोन येनार हाय? दिसत नाय तितंच कसर नाय ठेवायची."

सहा वर्षं पलंगाखाली जपलेलं स्वप्न असं माळ्यावर टाकणं सोपं नव्हतं. एकदा मुश्ताक खोक्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. माझी तर पाचावर धारण बसली होती. मग त्याने माझ्या नळकांड्यात हात घातला आणि भिंतीवरून बोटं फिरवली.

"ताहिरा, जरा इकडे ये," त्याने हाक मारली.

ती आली. त्याने तिचं बोट धरून त्या भिंतीवर ठेवलं. "बघ किती गुळगुळीत आहे. मी दूर होतो, आणि हे सगळं तू सांभाळलंस. मघाशी ओरडलो, चुकलंच माझं. यातलं मी काही कापणार नाही."

"चहा गार झाला तुमचा," ताहिरा म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. धर्मराज पाना शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

महिन्याभरात मी जोडून तयार झालो. शुक्रवारची नमाज आटोपून मुश्ताक गाडीत बसला, तोच ताहिरा हँडल घेऊन हजर.

"अगं, आता बटण दाबलं की सुरू होतं."

"होऊ दे. बंद होतं तेव्हा मी फिरवलं, मग सुरू होताना मी नको?"

पहिला फेरा नुसताच गेला. दुसऱ्या फेऱ्याला मी सुरू झालो! धूर निघाला, त्याला खोबरेलाचा खरपूस वास होता. ताहिरा दचकून मागे सरली आणि मग इतकी हसली, की शेजारणी खिडकीत आल्या. त्या दुपारी कंटेनरच्या गाड्यांमधून वाट काढत मी दोघांना मोरा बंदरावर नेलं. भजी पुन्हा खाल्ली गेली, सव्वीस वर्षांनी.

ते चार पिस्टन माळ्यावर गेले नाहीत. उलटे केले की ते पेल्यांसारखे पोकळ, म्हणून ताहिरा एकात चमचे ठेवते आणि बाकीच्यांत पुदिना लावते.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर जिथे खरी झीज आहे तिथे हात आखडू नका. पण कापायला घेण्याआधी एकदा विचारा, हिला आजवर कोणी जपलं? आणि ते माणूस समोर असेल, तर त्याच्यावर ओरडू नका.

आता मी आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यावर असतो. तरी दर शुक्रवारी शेडचं दार करकरतं, ताहिरा येते आणि हँडल घालून दोन फेरे मारते. खरं सांगायचं तर मला आता त्याची काही गरज नाही. पण हे तुम्ही तिला सांगू नका.