तीन बोटं पाणी

विद्यापीठात परिपत्रकाला देवाच्या आज्ञेहून जास्त मान असतो, कारण देव हजेरी घेत नाही. या वेळचं परिपत्रक संशोधन कौशल्यांच्या प्रशिक्षणाचं होतं. तीन दिवस, उपस्थिती सक्तीची, पीएचडी करणारे आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यासाठी एकत्र. एकत्र का, याचं उत्तर सोपं होतं. रिकामा वर्ग एकच होता.

विहीरवाली मंगळवारी सकाळी त्या वर्गात आली ती कपाळाला आठ्या घालूनच. तिला सगळे विहीरवालीच म्हणत, कारण गेली दोन वर्षं तिचा जीव ग्रंथालयामागच्या एका बोअरवेलमध्ये अडकला होता. नव्वद मीटर खोल, कातळात खणलेली, वर लोखंडी झाकण, पंप वगैरे काही नाही. आत पाण्याची पातळी दर पाव तासाला नोंदवणारं एक यंत्र सोडलेलं. पावसाचं पाणी एवढ्या खोल कातळात किती दिवसांनी पोचतं, हा तिचा विषय. तिथली पातळी कशी, सावकाश बदलायला हवी. पण ती दिवसातून दोनदा तीन बोटं खाली जायची आणि दोनदा तीन बोटं वर यायची. सणवार नाही, सुट्टी नाही.

"यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर आसपास कुणीतरी मोटर लावतंय," तिचे सर म्हणाले होते. मग तिने वसतिगृहाच्या मोटरच्या वेळा टिपल्या, बागेच्या टिपल्या, पलीकडच्या इमारतीच्या वॉचमनशी ओळख काढली. एकही वेळ जुळेना. शेवटी तिने शहाण्या माणसासारखी दिवसाची सरासरी काढली आणि ते वरखाली दिसेनासं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण गेल्या आठवड्यात सरांनी कच्चे आकडे मागितले आणि मूठ उघडली. आता शुक्रवारी समितीपुढे सांगायचं होतं, हे आकडे ठेवायचे की टाकायचे. टाकले तर सगळं पहिल्यापासून, आणि मुदत उरली होती एकच वर्ष. आई रोज फोनवर विचारायची, "कधी संपणार गं?" आणि ही म्हणायची, "होत आलंय." त्या दोन शब्दांची तिला आता लाज वाटू लागली होती.

अशा वेळी तीन दिवस वर्गात बसायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्यात शेजारी कोण येऊन बसलं, तर परीक्षा विभागातल्या तीन नंबरच्या खिडकीतल्या बाई. या बाईंनी विहीरवालीचा नोंदणीचा अर्ज तीनदा परत केला होता, एकदा तर फोटोत कान दिसत नाही म्हणून. बाईंनी तिला ओळखलं, आणि ओळख न दाखवता डबा बाकाखाली ठेवला.

शिकवायला एक निवृत्त ग्रंथपाल होत्या. आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी जरब.

"आपापला एक आलेख काढा आणि शेजाऱ्याला द्या," त्या म्हणाल्या. "विषय सांगायचा नाही. शेजाऱ्याने जे दिसतंय तेवढंच बोलायचं. ज्याचा आलेख, त्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर बाहेर."

"याने काय होणार?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तुम्हाला दोन वर्षं जे दिसत नाही, ते दिसेल. नाही दिसलं तर चहाला लवकर सोडेन."

विहीरवालीने एका महिन्याच्या कच्च्या नोंदींच्या आलेखाचा लांबलचक कागद खिडकीवाल्या बाईंपुढे सरकवला. मनात म्हणाली, आता यातही कान शोधतील.

बाईंनी चष्मा पुसला. पर्समधून पट्टी काढली, पेन्सिल काढली. अठ्ठावीस वर्षं गुणपत्रिका तपासलेली बाई ती, कागद पुढे आला की घाई कशी ती माहीत नाही.

"काहीतरी खाली-वर होतंय," त्या म्हणाल्या. "दिवसातून दोनदा खाली, दोनदा वर. पण वेळ तीच नाही. आज इथे, उद्या जरा पुढे, परवा आणखी पुढे." पट्टी कागदावरून सरकत राहिली. "रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर होतोय."

मोटर लावणारा माणूस रोज पन्नास मिनिटं उशिरा येत नाही. हे तिला दोन वर्षांत दिसलं नव्हतं, कारण ती फक्त वेळा जुळवत होती. न जुळणाऱ्या वेळा एकमेकींशी जुळतात का, हे तिने पाहिलंच नव्हतं. तोंड उघडायची सोय नव्हती. तिने ओठ दातांखाली धरले.

"आणि इथे हेलकावा मोठा, मग लहान, मग परत मोठा. दोन मोठ्यांत पंधरा दिवस." बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा विहीरवालीकडे नीट पाहिलं. "चेष्टा करतेस का गं माझी? मी कुठली आहे ते कुणी सांगितलं तुला?"

विहीरवालीने घाबरून मान हलवली. नाही.

"ही भरती-ओहोटी आहे. माझे बाबा होडी चालवायचे. रोज पन्नास मिनिटं उशीर आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठल्या बंदराचा आहे हा कागद?"

ग्रंथपाल बाई जवळ येऊन उभ्या होत्या. "आता बोल," त्या म्हणाल्या.

"बंदर नाही," विहीरवाली म्हणाली. "ग्रंथालयामागची बोअरवेल आहे."

वर्ग हसला. समुद्र तिथून रेल्वेने अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर होता. खिडकीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुन्हा ओढला, पुन्हा पट्टी लावली, आणि हळूच म्हणाल्या, "मग इथे चंद्र कुणाला ओढतोय?"

ग्रंथपाल बाईंनी चहा रद्द केला. "ज्या गोष्टीचं नावच माहीत नाही, ती कशी शोधायची? तर दिसलेल्या शब्दांनी," असं म्हणत त्यांनी पडद्यावर तीनच शब्द टाकले: विहीर, पातळी, चंद्र. मग इतर भाषांतही टाकले. विहीरवाली दोन वर्षं 'यंत्रातील बिघाड' शोधत होती आणि तिला बिघाडच मिळत होता. इथे मात्र लेखांवर लेख येऊ लागले, त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. तिने पहिला उघडला, दुसरा उघडला, आणि मोठ्याने वाचू लागली.

चंद्र समुद्राला ओढतो तसाच जमिनीलाही ओढतो. अख्खी जमीन दिवसातून दोनदा वर येते आणि खाली जाते, कुठे वीतभर, कुठे त्याहून जास्त. आपल्याला कळत नाही, कारण घर, रस्ता, झाडं आणि आपण, सगळेच एकदम उचलले जातो. जमीन फुगते तेव्हा खोल कातळातल्या भेगा केसभर उघडतात, आणि तिथे वरच्या पाण्यापासून नीट बंदिस्त विहीर असेल तर तिच्यातलं पाणी त्या भेगांत उतरतं.

पुढच्या बाकावरच्या एकाने नकळत दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता.

"लेखात असेल," विहीरवाली म्हणाली, "पण माझ्या विहिरीचं तेच आहे कशावरून?"

"त्यात काय अवघड आहे?" खिडकीवाल्या बाई म्हणाल्या. "शेवटची नोंद शनिवारची आहे ना? शनिवारी सकाळी नऊ दहाला पाणी सगळ्यात खाली. उद्या बुधवार. चार दिवस, पन्नास-पन्नास मिनिटं." त्यांनी बोटांवर मोजलं. "उद्या दुपारी साडेबाराला जाऊन बघ. त्यानंतर पाणी चढायला नाही लागलं, तर मला येऊन सांग."

बुधवारी बाराला विहिरीशी चौघं होते. विहीरवाली, दोन्ही बाई आणि सर. सर आले होते ते हाताची घडी घालून. विहीरवालीने झाकण काढलं आणि मोजायची फीत आत सोडली. तिचं टोक पाण्याला लागलं की ती वाजते. वाजली. पाच मिनिटांनी गप्प झाली, म्हणजे पाणी उतरलं होतं. तिने फीत किंचित खाली सोडली. वाजली. पुन्हा गप्प. पुन्हा खाली.

बारा वीस. गप्प, खाली, वाजली. यानंतर ती गप्प होईना. बारा पस्तीसला तिने फीत केसभर वर घेतली. गप्प झाली. आणि मग, कुणी हात न लावता, फीत आपोआप वाजली. खालून पाणी येऊन तिला टेकलं होतं.

वर लख्ख ऊन होतं. "कालच अमावास्या झाली," खिडकीवाल्या बाई वर बघत म्हणाल्या. "दिसत नाही, पण आत्ता तो बरोब्बर डोक्यावर आहे."

सरांनी घडी सोडली. ते विहिरीच्या काळ्या तोंडाशी वाकले. "मी या यंत्राला बिघडलेलं म्हणालो," ते म्हणाले. "आणि ते तर चंद्र मोजत होतं. एकही आकडा टाकायचा नाही. शुक्रवारी मीच सांगतो समितीला. विहीर इतकी बंदिस्त असल्याचा याहून मोठा पुरावा कुठून आणणार?"

विहीरवालीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. संध्याकाळी आईला काय सांगायचं ते तिला आता ठाऊक होतं, आणि ते खरं होतं. बाईंचे आभार मानायला ती वळली, तर बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या.

"लग्न होऊन इथे आले तेव्हा आठ दिवस झोप लागली नव्हती मला," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "पायाखाली काही हलतच नाही, असं वाटायचं. बाबा जाईपर्यंत मी त्यांना हेच सांगत राहिले, की या गावात समुद्र नाही."

त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडीने ठेवल्या आणि तापलेल्या मातीवर अनवाणी उभ्या राहिल्या. ग्रंथपाल बाईंनीही काढल्या. विहीरवालीने काढल्या. सरांच्या बुटांना नाड्या होत्या, त्यामुळे त्यांना जरा वेळ लागला.