बेड नंबर तेराचे चार पाय

मी वॉकर बोलतोय. पाय चार, पण स्वतःहून एक पाऊल टाकेन तर शपथ. हसू नका. दोन पायांची पुष्कळ माणसं मी तशीच पाहिली आहेत.

जन्म कारखान्यातला. मला जोडणाऱ्या कामगाराचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे असावं, कारण माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड राहिला. पुढे त्याचं रबरी बूडही हरवलं. वृद्धाश्रमात आलो तेव्हा माझ्या धन्याने तिथे खोकल्याच्या बाटलीचं झाकण बसवलं. तेव्हापासून माझी चाल टक, टक, टक, टुक.

धनी म्हणजे पोस्टमन आजोबा. दारोदार पत्रं वाटून गुडघे झिजलेले, जीभ मात्र नवीकोरी. शेजारच्या बिछान्यावरच्या मास्तरीणबाईंना रोज सांगायचे, "बाई, तुमचं पत्र नाही, पण भांडण आलंय. सही करून घ्या."

मग साथ आली. दारं बंद झाली आणि वरून हुकूम आला: कोणी पडलं-झडलं तर दवाखान्यात जागा नाही, म्हणून सत्तरीपुढच्या रुग्णाने बिछान्यातून उठायचंच नाही. काळजी म्हणतात हो याला! बारा म्हातारे बारा बिछान्यांत, घडी घालून ठेवलेल्या स्वेटरांसारखे. माझ्यावर ओले हातमोजे वाळत पडले.

तीन आठवड्यांत आजोबांच्या पोटऱ्या उतरल्या. उभं राहिलं की पाय लटपटत. नियम असा, की ज्याला न्हाणीघरापर्यंतची दहा पावलं जमत नाहीत त्याची रवानगी वरच्या मजल्यावर. आणि वरच्या मजल्यावरून खाली फक्त चादरी यायच्या, धुवायला. आजोबांची परीक्षा महिन्यावर आली होती.

त्याच दिवसांत मनगटाला बांधायच्या नंबरांच्या पट्ट्या आल्या. माणसं बारा, पट्ट्या तेरा. उरलेली आजोबांनी माझ्या दांड्याला बांधली. वर कानटोपी, मास्क, अंगावर शाल. चांगला दिसत होतो, खोटं कशाला बोलू.

नव्या सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, चष्म्यावर वाफ. त्यांनी विचारलं, हे कोण? आजोबांनी सांगितलं, घरचे सोडून गेले, तेव्हापासून बोलत नाहीत. सिस्टरनी माझ्या टोपीवर ताप मोजला. नॉर्मल. माझ्या नावाने जेवणाचं ताट आलं. ते आजोबांनी संपवलं आणि सिस्टरनी लिहिलं, भूक उत्तम.

डॉक्टर फोनमध्ये राहत. आश्रमात पाऊल ठेवलेलं नाही. त्यांनी तेरा नंबरची चौकशी केली. पाय कसे? गार, कडक, एक आखूड. बसतात का? नाही, आल्यापासून उभेच. डॉक्टर म्हणाले, "यांना दिवसातून चार वेळा चालवा. सोबत एक माणूस द्या. लेखी आदेश समजा." सिस्टरनी तो कागदावर उतरवून घेतला.

माणूस आणायचा कुठून? निम्मे कर्मचारी स्वतःच आजारी. आजोबा म्हणाले, मी देतो सोबत. रुग्णाने उठू नये असं हुकमात होतं. रुग्णाच्या सोबत्याने उठू नये असं कुठे होतं?

पहिल्या दिवशी दोन पावलं, की आजोबा धापकन बिछान्यावर. वर मलाच म्हणतात, "तेरा नंबर, दमलात हो तुम्ही!" चौथ्या दिवशी पाच पावलं. मग मास्तरीणबाई कडाडल्या, की रुग्णसेवेचा मक्ता एकट्याचा नाही. झालं, पाळ्या लागल्या. एका वेळी एकच सोबती, तोंडाला मास्क, आणि दर फेरीनंतर सिस्टर माझे दांडे पुसणार. माझी तब्येत सुधारावी म्हणून बारा म्हातारे चालून चालून घामाघूम. मी मात्र तसाच, गार आणि कडक.

महिनाअखेरीला डॉक्टर सदेह आले. फोनपेक्षा बुटके निघाले. त्यांनी माझी शाल उचलली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"सिस्टर, तुम्हाला दिसलं नाही?"

"चष्म्यावर वाफ होती, डॉक्टर."

"महिनाभर?"

"हो. पण हे बाराजण पुन्हा पोटभर जेवायला लागले, तेवढं वाफेतूनही दिसलं."

डॉक्टरांनी आजोबांना उठायची खूण केली. आजोबांनी माझे दांडे धरले. टक, टक, टक, टुक. सातव्या पावलाला त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला, मला कळलं. बाकी कोणाला कळलं नाही. दहा झाली. आजोबा थांबेनात. दाराला हात लावून ते परत डॉक्टरांसमोर आले आणि खिशातून माझ्या आदेशाचा कागद काढला.

"तुमचंच पत्र आहे, साहेब. पत्ता चुकलाय तेवढा. तेराच्या जागी एक ते बारा लिहा, आणि सही करा."

डॉक्टरांनी कानटोपी नीट माझ्या डोक्यावर बसवली, आणि सही केली.

वरच्या मजल्यावर आता रोज दोन फेऱ्या असतात, मला उचलून नेतात. माझी पट्टी आजोबा काढू देत नाहीत. माझ्या कागदावर अजून लिहिलेलं आहे, प्रकृती स्थिर.

तेव्हा बाबांनो, आपल्या म्हाताऱ्यांना जपा, पण घडी घालून ठेवू नका. चालायला सोबत द्या. आणि कोणी जाब विचारलाच, तर खुशाल माझा नंबर सांगा.

येतो आता. आजोबा हाका मारताहेत, "चला तेरा नंबर, वरची डाक तुंबलीय!"