बेंबीच्या खाली, उजवीकडे

त्या सकाळी दवनीवाड्याच्या शिवारात, धानाच्या बांधीत योगेश्वरी रोपं रोवायला वाकली आणि मी जागच्या जागी किंचित फिरलो. किंचितच. पण मग काही केल्या सरळ होता येईना.

मी योगेश्वरीचा उजवा अंडाशय बोलतोय. बदामाएवढा, गर्भपिशवीच्या कुशीला बंधांवर टांगलेला. ती जन्मली तेव्हाच तिची सगळी बीजं माझ्या आणि डावीकडच्या भावाच्या स्वाधीन झाली होती. बारावीत तिने आमची सुबक आकृती काढून नावंही दिली. मला वाटलं, ही मला ओळखते.

यंदा माझ्यावर पाण्याची गाठ वाढली. तिच्या भाराने मी पिळलो, रक्त अडलं. मी कळ मारली. योगेश्वरी दचकली; ती तर पाल चुकचुकली तरी दचकते. घरी आईने, राजकुमारीने, कुठं दुखतं म्हणून विचारलं, तेव्हा ओसरीवर वडील, जीवनलाल, बसलेले. पोरीने बोट खाली नेलंच नाही. बेंबीवर ठेवलं.

झालं, बेंबी सरकली असं ठरलं. शेजारच्या शकुंतलाबाई आल्या. पायांचे अंगठे जुळवून पाहिले, एक आखूड निघाला, मग तेल लावून पोट चोळलं. माझा पीळ आणखीच आवळला. अंगठ्याला दोरा बांधून त्या म्हणाल्या, "बसली जागेवर. आता कायले रडून राहिली?"

मी काळा पडत चाललो होतो. हाक मारायला माझ्याजवळ कळेशिवाय आहे काय? उरलीसुरली सगळी एकदम सोडली. योगेश्वरी ओकली, भिंत धरून उठली आणि ओसरीवर गेली.

"बाबूजी, बेंबी नाही. खाली, उजवीकडे. माझा अंडाशय दुखून राहिला."

त्या घरात माझं नाव पहिल्यांदा निघालं. जीवनलाल उठत म्हणाले, "तर आपण बसून काऊन राहिलो?" आणि चुलतभावाची गाडी मागवली.

गोंदियात सोनोग्राफी झाली आणि लगेच ऑपरेशन. दुर्बीण आत आली. उजेड मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. डॉक्टरबाईंनी पीळ उलगडला, गाठ काढली. मी अजून निळाकाळाच. काढून टाकायचा का, असं कुणीतरी विचारलं. पोरींनो, आमची नावं घ्यायला लाजू नका, एवढं सांगायचं राहून जाईल की काय, असं वाटलं. तेवढ्यात बंधांतून ऊब आली. रक्ताचा एक थेंब, मग धार.

डॉक्टरबाई वाकल्या.

"राहू द्या. गुलाबी होऊन राहिला तो."