खिशावरचं नाव

नवे अ‍ॅप्रन आले तसा शिलाईखोलीत गलका झाला. निळे, जाड कापडाचे, दोन-दोन खिशांचे. मालकीणबाई म्हणाल्या, "खिशावर आपापलं नाव भरून घ्या, म्हणजे अदलाबदल व्हायला नको." भरतकामाच्या मशीनवर बसणाऱ्या मिरचीला तेवढंच हवं होतं.

त्या खोलीत खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारतच नसे. जीभ तिखट म्हणून ही मिरची. अखंड बोलते म्हणून बाह्या जोडणारी ती रेडिओ. अंगानं भरलेली इस्त्रीवाली भोपळी. आणि काजं-बटणं करणारी, जी एकेक काज डोळ्यांत तेल घालून करायची, ती कासव. दिवसभर या बायका डॉक्टरांच्या कोटांवर, शाळकरी पोरांच्या गणवेशांवर नावं भरायच्या. एकमेकींची मात्र धड ठाऊक नव्हती. "प्रेमानं म्हणतो गं," असं सगळ्या म्हणायच्या. मिरची जरा जास्तच, कारण बारशी बहुतेक तिनंच उरकलेली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं टोपणनावंच भरली, झोकदार वळणाच्या अक्षरांत. बायका हसून हसून लोळल्या. कासवही हसली. अ‍ॅप्रन घालून काम करत राहिली.

संध्याकाळी तिची सहा वर्षांची लेक तिला न्यायला आली. नवीनच वाचायला लागलेली पोर, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. "का-स-व. आई, हे तुला म्हणतात?"

"चल, उशीर होतोय," एवढंच कासव म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या हाती अ‍ॅप्रन आला, घडी घातलेला. खिशावरची अक्षरं उसवली होती. इतकी निगुतीनं की सुईचं भोकही दिसेना. सोबत निरोप होता, काजांसाठी दुसरी कुणी बघा.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मिरची फणकारली. "मला मिरची म्हणतात, मी कधी रडले?"

कापडावरचा खडू न उचलता कटिंगमास्तरांनी विचारलं, "तुझी लेक केवढी?"

"तीन वर्षांची."

"नाव कसं ठेवलंस तिचं?"

मिरची एकदम फुलली. "काका, सव्वीस दिवस घोळ चालला होता. जुन्या बाजारातून नावांचं पुस्तक आणलं. सासूबाईंची यादी वेगळी, ह्यांची वेगळी. शेवटी मीच शोधून काढलं. रानातून वाट काढणारी, असा अर्थ आहे."

"आणि उद्या शाळेत तिला कुणी शेंबडी म्हणून हाक मारली तर?"

"जीभ हासडीन."

"हं." मास्तरांची कात्री सरसर चालली. मग म्हणाले, "इथल्या बायका काय झाडाला लागल्या होत्या? त्यांच्यासाठीही कुणीतरी असा घोळ घातला असेलच की. टोपणनाव लाडाचं असतं, मान्य. पण ते लाडाचं आहे की बोचतंय, हे ज्याला चिकटतं त्यानं सांगायचं बाई, चिकटवणाऱ्यानं नव्हे."

मिरची मशीन थांबवून उठली. तिनं हजेरीच्या वहीतून सगळ्यांची नावं चिठ्ठीवर उतरवली. घरी गेल्यावर तेच जुनं पुस्तक काढलं. लेक मांडीवर बसून पुस्तकाचा कोपरा चघळतेय, एका हातात फोन, असा तिचा शोध चालला. आणि काय सांगावं, पाच मिनिटांसाठी बसलेली ती तासभर उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं जाहीर केलं, "रेडिओ, तुझ्या नावाचा अर्थ माहितेय? शांत तळं. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेला जुना शब्द आहे म्हणे."

रेडिओनं ते लगेच शेजारच्या मशीनवालीला दोनदा ऐकवलं.

"आणि भोपळे, तू वाऱ्यावर डुलणारी वेल."

"आईला पुढचं दिसलं नसणार गं," भोपळी म्हणाली आणि कपातला चहा सांडेपर्यंत हसली.

पण कासवाचं नाव पुस्तकातही नव्हतं आणि फोनवरही. आता विचारायचं तर एकाच ठिकाणी. शनिवारी दुपारी मिरचीनं तिची कडी वाजवली.

"तुझं नाव नावांच्या पुस्तकात सापडेना," ती दारातच म्हणाली. "अर्थ विचारायला आले."

"पाच वर्षं एकत्र काम केल्यावर आत्ता आठवण झाली होय?" कासवानं दार अडवूनच विचारलं. मग बाजूला झाली. "बस."

खाली बसून गृहपाठ करणारी लेक टकामका बघत होती.

"माझ्या वेळी आई अडली होती," कासव सांगू लागली. "रस्ता खचलेला, दवाखाना पलीकडे. वाटसरू बाई एक, ना ओळख ना पाळख, दीड दिवस आईचा हात धरून बसली. निघताना आईनं तिचं नाव विचारलं. तेच मला ठेवलं. तिची भाषाच निराळी होती, अर्थ कुणालाच कळला नाही."

मिरचीचे डोळे भरून आले. "चुकले गं मी. प्रेमानं वगैरे काही नाही, हसायला म्हणून भरलं होतं ते."

"मग आता आईला काय म्हणणार?" लेकीनं विचारलं.

मिरचीनं ते नाव उच्चारलं. जीभ अडखळली. पोरीनं दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा कासव खुदकन हसली.

"आणि तुझं काय गं नाव? मलाही कुठं ठाऊक आहे!" कासवानं विचारलं.

मिरची निघाली तेव्हा कासव म्हणाली, "सोमवारी येते. पण काम सावकाशच करणार, सांगून ठेवते."

सोमवारी मिरची प्रत्येकीपाशी जाऊन विचारत होती, खिशावर काय भरू? रेडिओनं पूर्ण नाव मागितलं, आडनावासकट. कासवाला आईनं ठेवलेलं हवं होतं. भोपळी म्हणाली, "माझं भोपळीच राहू दे. आजीही तेच म्हणायची, मला गोड वाटतं." मिरचीनं तसंच भरलं. आता ते विचारून भरलेलं होतं.

वाचकहो, आपल्याही शेजारी रोज कुणीतरी जाडी, काळू, बुटकी बसलेली असते. ती हसते म्हणून तिला बोचत नाही असं समजू नका. एकदा तिला तिचं नाव विचारा, आणि ते कुणी ठेवलं तेही. ऐकायला मात्र जरा सवड काढून बसा. नुसतं नाव सांगून कुणी थांबत नाही. मागोमाग त्याची आई, त्याचं घर, सगळं आपल्यापाशी येऊन बसतं.