अकरा बादल्या शेंबूड

आमच्या कारखान्यात यंत्रांची उष्णता घेऊन पाणी कूलिंग टॉवरवर चढतं, वरून झिरपत गार होतं आणि पुन्हा यंत्रांकडे जातं. दिवसरात्र तेच पाणी, गोल गोल. त्यात जंतू वाढतात आणि पाइपांना आतून चिकट थर धरतो; तो जाड झाला की पाण्याला यंत्रांची उष्णता नीट घेता येत नाही. कागदावर त्याला 'जैविक थर' म्हणतात. आम्ही शेंबूड म्हणतो, कारण तो शेंबूडच असतो.

टॉवर मी चालवतो. पाण्याची केमिस्ट माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली, पण लोकांनी वशिला माझाच धरला. माझा वशिला! मला इथे हात धुवायला जास्तीचा साबण मागितला तरी अर्ज करावा लागतो.

तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी शुक्रवारी संपत होती आणि नेमकी सोमवारपासून यंत्रं तापायला लागली. साहेबांनी तिला सुनावलं, "शुक्रवारपर्यंत तापमान उतरलं नाही, तर तुम्ही घरी."

आणि पाण्याचे रिपोर्ट? एकदम फर्स्ट क्लास. नमुना घ्यायचा नियम साहेबांनीच घालून दिलेला: नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, स्वच्छ पाणी आलं की बाटली भरायची. म्हणजे घाण आधी वाहून जाऊ द्यायची आणि मग घाण आहे का ते तपासायचं! दहा वर्षं हा मूर्खपणा चालला होता. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू?

मेहुणीने बाटली बाजूला ठेवली, बाही सारली आणि हौदाच्या भिंतीवरून बोट फिरवलं. ते बोट थेट माझ्या नाकापुढे.

"भाऊजी, हे काय?"

"शेंबूड."

"मग पाण्यात काय शोधायचं? जंतू इथे भिंतीला ठाण मांडून बसलेत. तुम्ही रोज चमचाभर क्लोरीन पाजता. वरचे मरतात, खालचे मजेत."

"चमचा साहेबांचा आहे. माझ्यावर डोळे वटारू नकोस."

"आधी थर सुटा करणारं औषध, मग क्लोरीनचा एकदम मोठा डोस. तोवर सांडपाण्याची झडप बंद, म्हणजे औषध वाहून जाणार नाही."

"साहेबांना विचारलंस?"

"सही आणली. त्यांना वाटतं, औषध फसलं की खापर माझ्यावरच फुटणार."

बुधवारी सकाळी डोस दिला. दुपारी तापमान उतरायचं सोडून दोन अंशांनी चढलं! साहेब तरातरा आले. "शुक्रवारची वाट कशाला बघायची? आजच सामान आवरा."

मेहुणीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ती पंपाकडे बोट दाखवत ओरडली, "भाऊजी, जाळी! थर सुटून जाळीत अडकलाय, पाणी पुढे जात नाहीये!"

दुसरा पंप चालू केला, पहिला बंद. आमच्या फिटरला सगळे पैलवान म्हणतात. वजन पंचेचाळीस किलो. त्याने जाळीचं झाकण उघडलं आणि मागे उडी मारली. "अगं आई गं! इथे कोण बाळंत झालं?"

हिरवट, लिबलिबीत, वासाने डोळ्यांत पाणी आणणारा गोळा. बादली भरली. जाळी धुऊन बसवली, तर दुसऱ्या पंपाची तुंबली. ती उघडेपर्यंत पहिली पुन्हा गच्च. गुरुवारी दुपारपर्यंत आम्ही तिघे कोपरापर्यंत बरबटलेलो, हसून हसून बेजार. अकरा बादल्या निघाल्या. संध्याकाळी तापमान सहा अंशांनी खाली आलं.

शुक्रवारी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. स्वर एकदम मऊ. "मॅडम, एवढी घाण आली कुठून? रिपोर्टमध्ये तर काहीच नव्हतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्या पायावर पाय दिला.

"सांगते ना, सर. आधी माझा कायम नोकरीचा कागद."

साहेबांनी कागद दिला. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला, चेन ओढली, खुर्ची पुढे सरकवली आणि मग सगळं सांगितलं. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही.